जुन्या कॅम्परला पुढे डिस्क लावली, तरी घाटात पेडल खाली का जातं?

तक्रार नेहमीची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातली कॅम्पर व्हॅन, पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवलेली. गोव्यात सपाटीवर, समजा म्हापसा ते पेडणे, गाडी झकास थांबते. चोर्ला नाहीतर अनमोड घाटाच्या उतारावर अर्ध्यात आली की पेडल मऊ पडतं, मग जमिनीला टेकतं. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की ब्रेक पुन्हा ठीक. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली तर दोष काहीच सापडत नाही. मेकॅनिक हवा काढून देतो, पॅड बदलून देतो आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच.

बहुतेक वेळा खोट डिस्कमध्ये नसतेच. ब्रेक लागत नाही हा शेवटचा परिणाम. मूळ दोष हा की ब्रेक पूर्ण सुटत नाही. पॅड किलोमीटरमागून किलोमीटर डिस्कला हलका घासत राहतो, पॅड दाबणारा कॅलिपर तापतो, त्यातलं ब्रेक ऑइल उकळतं आणि उतारावर नेमकी गरज असते तेव्हा पेडलखाली ऑइलऐवजी वाफ असते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं, म्हणून सकाळी गॅरेजमध्ये सगळं ठणठणीत.

आधी पेडल काय सांगतंय ते ऐका

घाटात ब्रेक गेला म्हणजे नेमकं काय झालं, याची तीन वेगळी उत्तरं असतात आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे.

पेडल कडक आहे, पाय पूर्ण दाबलाय, पण गाडी थांबत नाही आणि करपल्याचा वास येतो: पॅड किंवा लायनर त्यांच्या तापमानाबाहेर गेले. हा फेड, म्हणजे तापून पकड जाणं. ऑइलचा संबंध नाही.

पेडल मऊ, खाली जातं, पंप केल्यावर थोडं वर येतं: ऑइल उकळलं.

पेडल उलट वर वर येत जातं, खेळ संपतो, पाय टेकवताच ब्रेक लागतो आणि गाडी जड चालल्यासारखी वाटते: दाब अडकलाय, ब्रेक सुटत नाहीये. हीच अवस्था लक्षात न घेता पुढे चालवत राहिलं की दुसरी अवस्था येते. वर येणारं पेडल बऱ्याच जणांना ‘ब्रेक छान झाला’ असं वाटतं, तिथेच घोटाळा होतो.

चढावर होणारी तपासणी

साखळी-केरीकडून चोर्ला चढताना ब्रेकला पाय जवळजवळ लागत नाही. म्हणून दोष शोधायला उतारापेक्षा चढ चांगला. वर पोचल्यावर गाडी शक्यतो ब्रेक न मारता, गिअरवर हळू करून थांबवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या दोन्ही डिस्क, मागचे दोन्ही ड्रम आणि पुढच्या हबची टोपी मोजा. ब्रेक मारलेलाच नसेल तर डिस्क कोमट असायला हवी. एक डिस्क दुसरीपेक्षा तीस-चाळीस अंशांनी जास्त असेल तर दोष त्या चाकाच्या कॅलिपरचा किंवा होज पाइपचा, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीचा. दोन्ही सारख्याच तापल्या असतील तर दोष दोन्हींच्या मागे, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. डिस्कपेक्षा हबची टोपी जास्त गरम असेल तर ब्रेकला दोष देऊ नका, बेअरिंग जास्त आवळलंय किंवा त्यात ग्रीस उरलेलं नाही.

थर्मामीटर नसेल तर रिमजवळ हाताची पाठ धरा, डिस्कला बोट लावू नका.

अडकलेला दाब कुठे अडकलाय

ब्रेक धरलेल्या अवस्थेतच हे करायचं, थंड झाल्यावर काही कळत नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर तीन टनांची गाडी ठेवून खाली हात घालू नये.

चाक हाताने फिरत नाही, अशा स्थितीत मास्टर सिलिंडरचे दोन नट दोन मिलिमीटर ढिले करून सिलिंडर पुढे सरकू द्या. चाक सुटलं तर पुशरॉड (सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी) लांब आहे. पेडल सोडल्यावर पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण एक मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर सिलिंडरमधलं ऑइल टाकीकडे परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापून फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप लागत जातो. नवीन बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा) बसवताना ही चूक हमखास होते, कारण प्रत्येक बूस्टरचा पुशरॉड वेगळ्या लांबीचा.

चाक सुटलं नाही तर मास्टर सिलिंडरवरचा पाइपचा नट हलकाच सोडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर सिलिंडरच्या आतला व्हॉल्व्ह, त्याबद्दल खाली सविस्तर. तरीही नाही सुटलं तर होज पाइपच्या अलीकडचा, लोखंडी पाइपकडचा सांधा सोडा. मग शेवटी कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू. सांधा सोडून चाक सुटत नाही पण निपल सोडताच सुटतं, म्हणजे होज आतून बुजलाय. बाहेरून रबर नवं कोरं दिसतं, आतला थर सोलून झडपेसारखा झालेला असतो: पायाच्या जोराने ऑइल जातं, परत यायला जोर नसतो. निपल सोडूनही चाक घट्टच, तर कॅलिपरचा पिस्टन गंजलाय किंवा सरकत्या पिना जाम आहेत.

समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, हरमल, हणजूण, कोलवा पट्ट्यात, शेवटचं कारण बाकीच्यांपेक्षा जास्त भेटतं. धुळीचं रबर फाटलं की खारी हवा पिस्टनच्या क्रोमवर जाते, टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. तो पिस्टन पॉलिश करून परत घालू नका. सील पुन्हा कापला जातो. पिस्टन आणि रबर किट दोन्ही नवं. पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकसाठीचं रबर ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं-लाल ग्रीस लावलं तर रबर फुगून पिना पहिल्यापेक्षा घट्ट होतात.

ड्रमचा मास्टर सिलिंडर डिस्कला का चालत नाही

वारंवार येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक इथेच सापडतं, कारण पैसे वाचवायला हाच भाग जुना ठेवला जातो.

ड्रम ब्रेकसाठीच्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये सुमारे 0.7 बार दाब राखून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबरी कपाच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. 22 मिलिमीटरच्या व्हील सिलिंडरवर हा दाब जेमतेम पावणेतीन किलोचा जोर देतो. शूची स्प्रिंग तो सहज मागे ढकलते. आता तोच दाब 54 मिलिमीटरच्या कॅलिपर पिस्टनवर मोजा. पिस्टनचं क्षेत्रफळ 2,290 चौरस मिलिमीटर, जोर सुमारे सोळा किलो. डिस्कला परत खेचणारी स्प्रिंग नसते, फक्त चौकोनी सीलचा किंचित पीळ पिस्टन मागे घेतो. सोळा किलोपुढे त्याचं काही चालत नाही. गाडी चालू असेपर्यंत पॅड घासत राहतो.

डिस्कच्या सर्किटमधून हा व्हॉल्व्ह काढायलाच हवा. मागे ड्रम तसेच असतील तर मागच्या सर्किटला तो ठेवावा. एक अपवाद: ज्या व्हॅनमध्ये मास्टर सिलिंडर आणि त्याची टाकी दोन्ही पायाखालच्या फळीखाली, कॅलिपरच्या पातळीला किंवा त्याहून खाली आहेत, तिथे ऑइल मागे उतरून पहिलं पेडल रिकामं जातं. तिथे पुढच्या लाइनमध्ये 0.14 बारचा, म्हणजे दोन पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह घालतात. दहा पीएसआयचा, म्हणजे ड्रमसाठीचा 0.7 बारचा, नव्हे. दोन्ही दिसायला सारखे असतात, वरचा आकडा वाचून घ्या.

दुसरी गोष्ट ऑइलच्या मापाची. 54 मिलिमीटरचा एकेरी पिस्टन असलेले दोन सरकते कॅलिपर, प्रत्येक पॅड आणि डिस्कमध्ये 0.3 मिलिमीटर अंतर धरलं तर पिस्टनला 0.6 मिलिमीटर सरकायला दोन्ही मिळून पावणेतीन घनसेंटिमीटर ऑइल लागतं. होज फुगणं, कॅलिपरचा जबडा किंचित उघडणं धरून दुप्पट म्हणा, साडेपाच. 19.05 मिलिमीटरच्या जुन्या मास्टर सिलिंडरला त्यासाठी पिस्टन 19 मिलिमीटर ढकलावा लागेल; पेडलचं प्रमाण पाचास एक असेल तर पायाखाली जवळजवळ 97 मिलिमीटर. 23.81 मिलिमीटरच्या सिलिंडरला तेच काम 12.4 मिलिमीटरमध्ये, पायाखाली 62. पहिल्यात ब्रेक थंड असतानाच पेडल तळाशी येतं, मग हवा कितीही काढा.

पण मोठा सिलिंडर फुकट मिळत नाही. क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त झालं की तेवढ्याच दाबासाठी पायाचा जोरही तेवढाच वाढतो. त्यात ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, डिस्कला ती मदत नाही. म्हणून डिस्क आली की बूस्टर आलाच. बूस्टरशिवाय डिस्क बसवून ‘पूर्वीचाच ब्रेक बरा होता’ म्हणणारे चुकीचं बोलत नसतात.

बूस्टरला निर्वात पोकळी कुठून मिळणार, हेही आधी ठरवा. पेट्रोल इंजिनात ती मॅनिफोल्डमधून मिळते. डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. डिझेलच्या मॅनिफोल्डला नळी जोडून बूस्टर चालवायचा प्रयत्न करू नका. तपासणी सोपी: इंजिन बंद, पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा, इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली खचायला हवं. मग इंजिन बंद करून दोन-तीन वेळा तरी हलका ब्रेक मिळायला हवा. नाही मिळाला तर नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह गळतोय.

कुठली डिस्क, कुठला कॅलिपर

गाडी आधी वजनकाट्यावर न्या. डिचोली-साखळीकडे खाणींमुळे काट्यांना तोटा नाही. पाण्याची टाकी भरलेली, गॅस सिलिंडर, बॅटऱ्या, सामान, माणसं सगळ्यांसकट. पुढचा आणि मागचा आस (एक्सल) वेगवेगळा. फर्निचर करताना सुताराने जाड प्लायवूड वापरलेलं असतं आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यामुळे आकडा कागदावरच्यापेक्षा चांगलाच वर निघतो. डिस्क ज्या गाडीची घ्याल तिच्या पुढच्या आसाची क्षमता तुमच्या मोजलेल्या वजनाइतकी किंवा जास्त हवी. छोट्या कारचा सेट ‘बसतो’ म्हणून बसवणं हा वारंवार होणाऱ्या फेडचा सरळ रस्ता. तीन टनांची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबवताना सुमारे 417 किलोज्यूल उष्णता तयार होते. सहाशे मीटर उंची उतरताना ती उष्णता साडेसतरा हजार किलोज्यूलवर जाते, म्हणजे तसे बेचाळीस ब्रेक ओळीने. त्यातला मोठा वाटा इंजिनने उचलायला हवा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा हा ट्रकवाल्यांचा नियम डिस्क बसवल्यावरही रद्द होत नाही.

फोक्सवॅगनची टाइप 2 कोंबी असेल तर नशीबवान आहात: 1971 च्या मॉडेलपासून, म्हणजे ऑगस्ट 1970 पासून, कंपनीनेच पुढे डिस्क दिली. 1968 ते 1970 च्या गाडीला नंतरच्या गाडीचा स्टब एक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आखूड आस), 278 मिलिमीटरची डिस्क आणि कॅलिपर असा पूर्ण संच घेणं हे अ‍ॅडॅप्टर करत बसण्यापेक्षा शंभरपट बरं. मात्र त्याच वेळी चाकाच्या पाच बोल्टांचं वर्तुळ 205 वरून 112 मिलिमीटर झालं. पुढचा संच आणला की पुढची चाकं बदलली, मागची जुनीच राहिली, स्टेपनी एकालाच बसते. म्हणून मागचे ड्रम आणि पाचही रिम त्याच खरेदीत धरा.

बाकीच्या गाड्यांना कॅलिपरची अ‍ॅडॅप्टर प्लेट करावी लागते. फोंडा, कुंडई, वेर्णा इथल्या औद्योगिक वसाहतींत नीट लेथ आणि मिलिंगवाले आहेत. रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडून हे काम करून घेऊ नका. प्लेट किमान 12 मिलिमीटरची, एकाच तुकड्यातून कापलेली, बोल्ट 10.9 ग्रेडचे. स्टब एक्सलवर वेल्डिंग कदापि नाही, उष्णतेने तो ठिसूळ होतो आणि पुढे कधी तुटेल सांगता येत नाही. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यभागी यायला हवा. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) काढा. हबवर बसवल्यावर डायल गेजने डिस्कचा डगमग मोजा, 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असेल तर डिस्क कापायच्या आधी हबच्या तोंडावरचा गंज घासा, निम्म्या वेळा तोच असतो. रिम आणि कॅलिपरमध्ये सगळीकडे तीन मिलिमीटर तरी फट ठेवा. मग चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि सस्पेन्शन लटकत्या अवस्थेत: या तिन्ही स्थितींत होज ताणला जात नाही आणि टायरला लागत नाही हे डोळ्याने बघा.

पाइपला 4.75 मिलिमीटरची कॉपर-निकेलची नळी घ्या. साधा तांब्याचा पाइप कंपनाने कडक होऊन चिरतो. जर्मन गाड्यांच्या नटाचे आटे बहुधा एम 10 × 1, आणि नळीचं तोंड फुगवट्याचं. जुन्या इंग्लिश धाटणीच्या भागांना इंची आटे आणि दुहेरी दुमडलेलं तोंड. दोन आटे तिरके चढवून ‘बसलं’ म्हणणारा सांधा पहिल्या जोरदार ब्रेकला घाम फोडतो.

हवा न निघण्याचं एक विनोदी कारण

सगळं नवीन, तरी पेडल स्पंजसारखं, ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या. निपल कुठे आहे बघा. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की निपल खाली येतो, आणि वर अडकलेला बुडबुडा जन्मात बाहेर येत नाही. निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बिंदूलाच हवा.

हवा काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. त्याआधी मागचे शू अ‍ॅडजस्ट करा. ड्रम ढिले असतील तर त्यांचाच खेळ पेडलमध्ये येतो आणि दोष बिचाऱ्या नव्या डिस्कवर जातो. पेडल हळू दाबा. धडाधड पंप केलं की ऑइलला फेस येतो.

ऑइल डॉट 4 प्रतीचं. नवं असताना ते 230 अंशांना उकळतं, पाणी शोषून झाल्यावर 155 अंशांना. डॉट 3 चं हेच 205 आणि 140. टाकीच्या झाकणातून, होजच्या रबरातून ओलावा आत येतच राहतो आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली. त्यामुळे ‘दोन वर्षांनी बदला’ हा कोरड्या मुलखाचा हिशेब इथे चालवू नका. पाऊस सरला की, चवथीनंतर, दरवर्षी पूर्ण ऑइल बदला. एक लिटरमध्ये जुनं धुऊन नवं भरतं. अर्ध्या लिटरच्या सीलबंद बाटल्या घ्या, गॅरेजच्या फळीवरची उघडी बाटली नको. डॉट 5 हे सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही, डॉट 5.1 चालतं, नावं सारखी असल्याने गफलत होते.

मागचा ब्रेक आधी लॉक होतो

पुढचा ब्रेक बदलला की पुढच्या-मागच्याचा तोल बदलतो. रिकाम्या, ओल्या, सरळ रस्त्यावर ताशी 30-40 वर जोरात ब्रेक मारून बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा: पुढची चाकं आधी थांबायला हवीत. मागची आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते, पावसाळ्यात तर हमखास. मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह घालून थोडा थोडा कमी करत जा. तो पुढच्या लाइनमध्ये कधीही घालू नका. पाण्याची टाकी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा तपासा, कारण टाकी बहुतेक मागे असते.

पॅड नवे असतील तर घाटात जाण्याआधी ताशी 50 वरून 10 पर्यंत मध्यम जोराने वीसेक वेळा ब्रेक मारा, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट गाडी चालू ठेवून गार होऊ द्या. शेवटी ब्रेक दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा छाप डिस्कवर उमटतो आणि मग पेडल थरथरतं.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकांना ठोकळे लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. शिवाय त्या क्रमांकावर रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे कॅम्पर म्हणून हिंडायचं असेल तर तो मार्ग सोडा. दोन्ही बाबतींत चासीला भोक न पाडता, बोल्टने बसणारा आणि बोल्टने निघणारा संच घ्या. काढलेले ड्रम, शू, जुना स्टब एक्सल ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. नव्या भागांची बिलं आणि लेथवाल्याकडच्या अ‍ॅडॅप्टर प्लेटचं मापाचं रेखाटन नोंदणी नूतनीकरणाच्या फाइलला जोडा. तीच मापं प्लेट पुन्हा करायची वेळ आली तर कामाला येतात.